ओवीची फाइल

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही अँड्रॉइड फोनमध्ये फाइल मॅनेजर उघडून व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरात शिरलं, की ‘व्हॉइस नोट्स’ नावाचा कप्पा सापडतो. आत आठवड्यागणिक फोल्डर, आणि त्यांत ‘पीटीटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या, ‘डॉट ओपस’ने संपणाऱ्या ढीगभर फायली. मोंढ्यात आज सोयाबीन काय भावाने गेलं, पूर्णेहून गाडी सुटली का, लेकराचा ताप उतरला का, सगळं त्यांत भरलेलं. ओपस हे खुलं ध्वनिस्वरूप आहे. त्याचा आराखडा जाहीर छापलेला आहे आणि तो वापरून फोन, ॲप किंवा स्पीकर बनवायचा तर कुणाला रॉयल्टी मोजावी लागत नाही. जिल्हाभर लोक ते रोज वापरतात, त्याचं नावही न ऐकता.

हीच फाइल पेन ड्राइव्हवर घालून ट्रॅक्टरच्या टेपला लावली, तर मात्र बहुतेक वेळा ढिम्म. भावाची चौकशी वाजली नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. पण त्याच फोनवर आजीच्या ओव्या घेतलेल्या असतील तर अडतं.

हा जिल्हा ओव्यांचा आहे. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. जातं आणि जनी यांची जोडी महाराष्ट्राला सांगावी लागत नाही. अलीकडच्या काळातलं उदाहरण पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसचं. पुण्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि त्यात ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. हा संग्रह आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर मोबाइलवरसुद्धा ऐकता येतो. ध्वनिमुद्रणाची बाजू बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीत-संगणकतज्ज्ञाने सांभाळली, डिजिटल ऑडिओ टेपवर. ही टेप त्या काळी उत्तमच होती. मुद्रण आकड्यांत व्हायचं, खरखर नाही. फक्त ती वाजवायला तिचंच यंत्र लागे, आणि सोनीने ती यंत्रं बनवणं 2005 साली बंद केलं. वेळेवर संगणकावर उतरवून घेतलं म्हणून हे आवाज आज ऐकू येतात. जपण्याच्या कामात खुल्या स्वरूपाची किंमत इथे कळते. आराखडा छापलेला असला, की यंत्र बनवणारी कंपनी बुडाली तरी दुसरा कुणी तो वाचून नवं यंत्र किंवा नवं ॲप लिहू शकतो.

आता माइकचं बटण दाबल्यावर आत काय होतं ते पाहू.

आवाज म्हणजे हवेचा कंप. माइक त्याची विजेतली लाट करतो, आणि फोन त्या लाटेची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजतो. बोलण्यापुरतं 16 हजार वेळा मोजलं तरी चालतं, सीडीसाठी 44,100 वेळा मोजतात. सीडीच्या मापाने, एका माइकचं, प्रत्येक मोजणीला दोन बाइट धरून गणित केलं तर मिनिटाला सुमारे 5.3 एमबी होतात. कुठलीही काटछाट न केलेली ही फाइल म्हणजे वेव्ह. पाच मिनिटांच्या ओव्यांना साडेसव्वीस एमबी. एवढं ओझं गावातल्या नेटवर्कवरून पाठवायचं तर पाठवणाऱ्याची परीक्षाच.

म्हणून दाबावं लागतं, आणि दाबण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत काहीही टाकून देत नाहीत. फ्लॅक हे खुलं स्वरूप या रीतीचं. जोश कोल्सन यांनी ते 2001 मध्ये आणलं. त्याची युक्ती साधी आहे. लाटेची मागची काही मापं पाहून पुढचं माप काय असेल याचा अंदाज बांधायचा, आणि फाइलमध्ये पूर्ण माप न लिहिता फक्त अंदाज कितीने चुकला तेवढंच लिहायचं. चूक बहुधा लहान असते, म्हणून आकडा लहान, म्हणून फाइल लहान. उलगडताना तोच अंदाज पुन्हा बांधून चूक मिळवली की मूळ माप जसंच्या तसं हाती येतं, एका बिटाचाही फरक नाही. फाइल साधारण निम्म्यावर येते.

दुसऱ्या रीतीत कानाला जे जाणवणार नाही ते वगळतात. एमपी3, व्हॉर्बिस, एएसी, ओपस हे सगळे या घरचे. ओपस त्यांत वयाने लहान आणि हुशार. त्याचं मानक सप्टेंबर 2012 मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यात दोन वेगळ्या यंत्रणा जोडलेल्या आहेत. स्काइपकडून आलेली सिल्क ही बोलण्यात तरबेज: माणसाचा गळा आणि तोंडाची पोकळी आवाजाला कसा आकार देते याचा हिशेब ती ठेवते. झिफ या संस्थेतून आलेली सेल्ट संगीतात तरबेज: आवाजाचे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात किती जोर आहे ते जपते. बहुतेक वेळा 20 मिलिसेकंदांचा एक तुकडा घेऊन ओपस ठरवतो की याला सिल्क लावायची, सेल्ट लावायची, की दोन्ही. सेकंदाला 6 किलोबिटपासून 510 किलोबिटपर्यंत कुठल्याही दराने तो चालतो. 16 किलोबिट दराने एक मिनिट बोलणं 120 केबीत बसतं. वेव्हच्या मानाने चव्वेचाळिसावा हिस्सा. दोन काड्या नेटवर्क असतानाही व्हॉइस नोट जाते ती यामुळे.

पण ओवीच्या बाबतीत एक गोम आहे, आणि तिचा दोष ओपसच्या माथी मारणं बरोबर नाही. जात्याची घरघर एकसारखी, खालच्या पट्टीतली, न थांबणारी असते. फोनमध्ये बोलण्यासाठी जी सफाई चालते तिला अशाच आवाजावर झडप घालायला शिकवलेलं असतं: पंख्याची घूं घूं, मोटारीचा आवाज, वारा. ओवीच्या मागचं जातं त्या यंत्रणेच्या लेखी पंखाच. शिवाय आवाज आपोआप लहानमोठा करणारी यंत्रणाही असते. बाई कडव्याच्या शेवटी थांबली की ती शांतता उचलून मोठी करते आणि पुढची ओळ सुरू झाली की पुन्हा दाबते. त्यात ओपसला ‘हे बोलणं आहे’ असं सांगितलेलं असेल, तर तोही अगदी खालचे कंप गाळतो. शेवटी हाती येतो तो बाईचा गळा, जात्याविना. बातमीसाठी हे फारच छान. ओवीसाठी अर्धं काम. ओवीची लय हाताच्या फेऱ्यावर बांधलेली असते आणि फेरा ऐकू येतो तो घरघरीतूनच. म्हणून ओव्या व्हॉइस नोटवर घेऊ नयेत. वेगळं रेकॉर्डर ॲप घ्यावं, त्याच्या सेटिंगमध्ये नॉइज सप्रेशन आणि ऑटोमॅटिक गेन बंद करता आले तर करावेत, आणि स्वरूप म्हणून फ्लॅक किंवा वेव्ह निवडावं. फोन जात्याच्या दगडी पाळीवर न ठेवता दोनेक हात लांब, घडी केलेल्या गोधडीवर ठेवला तर जमिनीतून येणारी धडधड माइकला बसत नाही.

फोनसोबत येणारा रेकॉर्डर बहुधा एम4ए फाइल बनवतो. ती वाईट नाही, पण तिचा एक धोका माहीत असावा. त्या फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे मुद्रण संपल्यावर लिहिली जाते. लोडशेडिंगच्या दिवसांत बॅटरी मध्येच गेली तर अनुक्रमणिका राहून जाते आणि तासाभराचं मुद्रण आत असूनही फाइल उघडत नाही. ऑगमध्ये असं होत नाही. ऑग हा झिफचाच खुला डबा. ओपस किंवा व्हॉर्बिस हा त्यातला माल. डब्यातला माल पानापानांनी भरलेला असतो, प्रत्येक पानाच्या माथ्यावर ओ-जी-जी-एस ही चार अक्षरं, त्यामागे पानाचा क्रमांक आणि तपासणीचा आकडा. बॅटरी गेली तर शेवटचं अर्धवट पान वाया. त्याआधीचं सगळं वाजतं.

डबा आणि माल वेगळे आहेत हे ध्यानात आलं, की ‘फाइल चालत नाही’ या तक्रारीतला निम्मा गोंधळ मिटतो. व्हॉट्सॲपची ‘डॉट ओपस’ फाइल आतून ऑगच्याच डब्यात असते. जुने अँड्रॉइड फोन डबा उघडून बघत नाहीत, वरचं शेपूट वाचतात, आणि ‘ओपस’ हे शेपूट त्यांच्या यादीत नसतं. फाइलचं नाव बदलून शेवटी ‘डॉट ओजीजी’ केलं, की पुष्कळदा तीच फाइल त्याच फोनवर गुमान वाजते. माल वाचता येण्याची सोय अँड्रॉइडमध्ये 5.0 पासून आहे. व्हॉर्बिसची तर पहिल्या आवृत्तीपासून: अँड्रॉइडच्या मूळ रिंगटोन ऑग फायलीच होत्या, आणि ‘संपल्यावर न अडखळता पुन्हा सुरू कर’ ही सूचनाही त्याच फाइलच्या टिपणात लिहिलेली असे. फ्लॅक 3.1 पासून चालतं.

ॲपलचा हिशेब वेगळा. फ्लॅक आयफोनवर 2017 मध्ये, आयओएस 11 सोबत आलं, तेही फाइल्स ॲपमध्ये. त्यांच्या म्युझिक ॲपने त्याला दारातच ठेवलं. ऑग तर ब्राउझरमध्ये 2025 मध्ये आयओएस 18.4 आल्यावर पोचलं. मग इतकी वर्षं आयफोनवर व्हॉइस नोट वाजत कशी होती? कारण ॲप स्वतःचा डीकोडर, म्हणजे दाबलेला आवाज उलगडणारा भाग, सोबत घेऊन येऊ शकतं. फोनच्या मर्जीवर अवलंबून राहायचं नसेल तर व्हीएलसीसारखं मोफत ॲप टाकावं. ते सगळंच वाजवतं.

राहिले कीपॅडचे फोन आणि ट्रॅक्टरचे टेप. त्यांच्यातल्या स्वस्त चिपमध्ये डीकोडर कारखान्यातच बसवलेला असतो, नंतर काही घालता येत नाही, आणि बसवलेला असतो तो हमखास एमपी3चा. याला इतिहास आहे. एमपी3 आधी आलं आणि जगभर पसरलं, पण ते पेटंटने बांधलेलं होतं. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने सप्टेंबर 1998 मध्ये परवाना शुल्काची पत्रं धाडली, आणि त्यावर क्रिस माँटगोमेरी यांनी व्हॉर्बिसचं काम जोरात सुरू केलं, 1.0 आवृत्ती जुलै 2002 मध्ये निघाली. तोवर एमपी3 रुळलं होतं, आणि पुढे मोबाइल दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदाही त्याच्यावरच चालला. एमपी3चा परवाना कार्यक्रमही 2017 च्या एप्रिलमध्ये संपला. आज ते वापरायला कुणाला काही द्यावं लागत नाही, म्हणून भजनी मंडळाच्या म्हाताऱ्याला कार्डावर ओव्या द्यायच्या तर बेलाशक एमपी3 करून द्याव्यात. खुल्या स्वरूपाचा हट्ट ऐकणाऱ्यावर लादण्यात अर्थ नाही. हट्ट धरायचा तो मूळ प्रतीपुरता.

आणखी एका ठिकाणी मराठी माणसाने हट्ट धरावा: फाइलच्या पोटातलं टिपण. जुन्या एमपी3 टिपणात शीर्षकाला फक्त 30 बाइट जागा होती आणि देवनागरीची सोयच नव्हती. युनिकोडचे बाइट कोंबून बसवले तरी देवनागरीची प्रत्येक खूण, मग ते अक्षर असो, काना असो की वेलांटी, तीन बाइट खाते. ‘जात्यावरची’ हा एक शब्द मोजून पाहा: ज, काना, त, हलन्त, य, काना, व, र, च, वेलांटी. दहा खुणा, तीस बाइट. ‘ओवी’ला जागाच उरत नाही. पुढच्या आवृत्त्यांत एमपी3ने ही अडचण सोडवली, पण वाचणारे सगळे टेप अजून सुधारलेले नाहीत, आणि पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसते. ऑग आणि फ्लॅक यांच्या टिपणात मात्र मुळापासून युनिकोड आहे आणि लांबीचं बंधन नावापुरतं. गाणारीचं नाव, माहेर, सासर, गाव, तालुका, तारीख, जातं खरंच फिरत होतं की नुसतं म्हणून दाखवलं, ऐकवायला तिने परवानगी दिली का, हे सगळं मराठीत फाइलच्या आतच लिहून ठेवता येतं. कागदावरची वही हरवते. हे टिपण फाइल जाईल तिथे जातं.

तेव्हा कामाचा क्रम असा बसतो. मुद्रण फ्लॅक किंवा वेव्हमध्ये. वेव्ह असेल तर संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन ॲपमध्ये उघडून फ्लॅक करावं, टिपण भरावं, आणि त्या फाइलला पुन्हा हात लावू नये. पाहुण्यारावळ्यांना पाठवायला तिच्यापासून 64 किलोबिटची ओपस प्रत काढावी. पाच मिनिटांना सुमारे 2.4 एमबी, आणि जात्याचा आवाज शाबूत. मूळ फ्लॅक कुणाला पाठवायचीच असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशी आहे तशी पोचते. ओपसवरून एमपी3, त्यावरून पुन्हा एम4ए असा प्रवास टाळावा, कारण दर टप्प्याला थोडं थोडं गळतं आणि गळलेलं परत येत नाही. फ्लॅकच्या दोन प्रती दोन घरी असाव्यात, एक परभणीत आणि एक पुण्या-संभाजीनगरकडच्या लेकाकडे. फ्लॅक फाइल आपल्या मूळ आवाजाचा एमडी5 हा तपासणी आकडा स्वतःच्या पोटात बाळगते. वर्षाकाठी एकदा संगणकावर तपासणीची आज्ञा दिली, की ती पूर्ण आवाज उलगडून तो आकडा नव्याने काढते आणि जुन्याशी ताडून पाहते. जुळला तर प्रत ठणठणीत. नाही जुळला तर दुसऱ्या घरची प्रत मागवून घ्यायची आणि खराब झालेला पेन ड्राइव्ह फेकून द्यायचा.