६ व्होल्टचा जुना ट्रॅक्टर १२ व्होल्टवर नेताना



वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळचा पेट्रोल-रॉकेलवर चालणारा ट्रॅक्टर अजूनही काही घरांच्या शेडमध्ये उभा असतो. इंजीन ठणठणीत असते, पण थंडीच्या दिवसांत सकाळी सेल्फ मारला की तो दोनदा कण्हतो आणि गप्प बसतो. मग हॅन्डल मारायचे, नाही तर चार माणसे बोलावून ढकलायचे. अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतो, "६ व्होल्टची बॅटरी काढा आणि १२ची टाका, काम झाले!" काम होते, पण अर्धेच. उरलेल्या अर्ध्यात कॉइल जळते, दिवे उडतात आणि एखाद्या दिवशी शेडमधल्या कडब्याला ठिणगी लागते. म्हणून हा बदल केव्हा करावा आणि कसा करावा, ते आज नीट पाहू.

हे ट्रॅक्टर कोणते?

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० हा राखाडी रंगाचा ट्रॅक्टर तयार होत असे. पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तेथून बाहेर पडले आणि त्यांतले काही आपल्या देशातही आले. त्यांतील सुरुवातीच्या ट्रॅक्टरांवर ६ व्होल्टची वीजव्यवस्था होती, पुढच्यांवर १२ व्होल्टची आली. अमेरिकेतील फोर्ड ८-एन (१९४७ ते १९५२) हाही ६ व्होल्टचाच. त्या देशात हे ट्रॅक्टर आजही हजारो कुटुंबांनी जपले आहेत आणि त्यांतले कित्येक १२ व्होल्टवर नेले आहेत.

आपला ट्रॅक्टर कोणता, हे ओळखणे सोपे आहे. बॅटरीच्या एका घरात साधारण २ व्होल्ट असतात. म्हणून ३ बुचांची बॅटरी ६ व्होल्टची आणि ६ बुचांची १२ व्होल्टची. मात्र मध्यंतरी कोणी बॅटरी बदललेली असू शकते. त्यासाठी डायनॅमोवरची पट्टीही पुसून वाचावी.

व्होल्ट म्हणजे काय?

पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब जास्त. हा दाब म्हणजे व्होल्ट. नळातून वाहणारे पाणी म्हणजे अँपिअर आणि नळ म्हणजे वायर. दाब कमी असेल तर तेवढेच काम करायला पाणी जास्त वाहावे लागते, म्हणजे नळही मोठा लागतो. ३६ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर ६ अँपिअर घेतो, १२ व्होल्टवर फक्त ३. म्हणूनच ६ व्होल्टच्या ट्रॅक्टरला मूळची केबल जाड दिलेली असते.

यातच या व्यवस्थेचे दुखणेही आहे. गंजलेल्या जोडात १ व्होल्ट वाया गेला, तर १२ व्होल्टच्या गाडीत बारावा हिस्सा जातो, ६ व्होल्टच्या गाडीत सहावा. ज्यांनी जुनी राजदूत किंवा येझदी चालवली आहे, त्यांना ६ व्होल्टचा मिणमिणता दिवा सांगायला नको.

आधी दुखणे ओळखा

६ व्होल्टचे हे ट्रॅक्टर नवे असताना थंडीतही सेल्फवर सुरू होत होते. मग आज का होत नाहीत? बहुतेक वेळा दोष व्होल्टचा नसतो, जोडांचा असतो.

माझ्या पाहण्यातील एका शेतकऱ्याने सेल्फ दोनदा भरून आणला. शेवटी निघाले काय? मूळची जाड केबल तुटल्यावर कोणीतरी मोटारीची बारीक केबल बसवली होती. केबल बदलली आणि त्याच ६ व्होल्टवर ट्रॅक्टर सुरू झाला.

म्हणून आधी एवढे करा. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल पॉलिश पेपरने घासा. अर्थची पट्टी जिथे बॉडीला लागते, तिथला रंग व गंज खरवडून लखलखीत धातूवर ती घट्ट आवळा. सेल्फही जिथे बसतो ती जागा साफ करा. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलवर, दुसरे सेल्फच्या बॉडीवर धरून सेल्फ मारा. मीटर पाव व्होल्टापेक्षा जास्त दाखवत असेल, तर अर्थची वाट अजून खराब आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना विश्रांतीत साधारण ६.३ व्होल्ट दाखवते. हे सगळे ठीक असूनही सेल्फ कण्हत असेल, ६ व्होल्टची बॅटरी आणि दिवे मिळणे अवघड झाले असेल, किंवा रात्रीच्या कामाला जास्त दिवे हवे असतील, तरच १२ व्होल्टचा विचार करा.

बदलायचे तर सगळे बदला

एक भाग बदलून बाकीचे तसेच ठेवणे, हेच नुकसानीचे मूळ आहे. खालील यादी ऑटो-इलेक्ट्रिशियनसमोर ठेवा.

१. डायनॅमो : ६ व्होल्टचा डायनॅमो व त्याचा कटआउट १२ व्होल्टची बॅटरी भरू शकत नाही. दोन्ही काढून आत रेग्युलेटर असलेला मोटारीचा अल्टरनेटर बसवावा. इंजीन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. पुली एका रेषेत हवी, नाही तर पट्टा उडतो.

२. अर्थची बाजू : या जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. आजच्या अल्टरनेटरला मायनस बॉडीला लागतो. चुकून उलटी बॅटरी लावली तर अल्टरनेटरचे डायोड तत्काळ जळतात. बाजू बदलल्यावर कॉइलच्या दोन बारीक वायरींची व अँपिअर मीटरच्या वायरींची अदलाबदल करावी. कॉइलचा मायनस डिस्ट्रिब्युटरकडे गेला पाहिजे.

३. कॉइल : १२ व्होल्टची कॉइल घ्या. जुनी ठेवायची असेल तर तिच्या वाटेत योग्य मापाचा रेझिस्टर हवाच. ६ व्होल्टची कॉइल तशीच १२ वर चालवली तर ती तापते आणि पॉइंट जळतात.

४. दिवे व हॉर्न : सर्व १२ व्होल्टचे घ्या. जुना बल्ब एकदाच लख्ख पेटेल आणि विझेल.

५. सेल्फ : जुना सेल्फ १२ व्होल्टवर उलटा फिरत नाही आणि थोडा वेळ चालतोही. पण तो जोराने फिरतो आणि फ्लायव्हीलच्या दात्यांवर आदळतो. ५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थांबा. जमल्यास १२ व्होल्टसाठी भरून घ्या.

६. वायरी व फ्यूज : कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी हाताला कुडकुडीत लागल्या तर बदला. सेल्फची जाड केबल चांगली असेल तर तीच ठेवा. दिव्यांच्या वाटेवर फ्यूज जरूर बसवा. पेट्रोलच्या टाकीखाली उघडी वायर ठेवू नका.

७. किल्ली : किल्ली बंद केल्यावरही इंजीन चालूच राहिले, तर अल्टरनेटरकडून वीज उलटी कॉइलकडे येते असे समजा. त्या वायरीत डायोड किंवा चार्जिंगचा लहान दिवा टाकला की हा दोष जातो.

जिवाशी खेळ नको

आता सर्वांत महत्त्वाचे. टीई-२० मध्ये गिअरचा दांडा "एस" खुणेवर नेल्याशिवाय सेल्फ लागत नाही. फोर्ड ८-एन मध्येही गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय बटन काम करत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सुरू होऊन अंगावर येऊ नये, म्हणून ही सोय आहे. हे स्विच बिघडले की काही जण सरळ वेगळे बटन बसवतात, किंवा जमिनीवर उभे राहून पेचकसाने सेल्फचे दोन नट जोडतात. १२ व्होल्टवर सेल्फला इतका जोर असतो की गिअरमधला ट्रॅक्टर तो पुढे ओढतो. त्या क्षणी माणूस मोठ्या चाकापुढे उभा असतो. दहा मिनिटे वाचवण्यासाठी घरचा कर्ता माणूस गमावू नका. स्विच दुरुस्त करा आणि सेल्फ नेहमी सीटवर बसूनच मारा.

हॅन्डलचेही तसेच. तो मारावाच लागला तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा आणि खालून वर ओढा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट वाचते.

बॅटरी काढताना अर्थची वायर आधी काढा, लावताना सर्वांत शेवटी लावा. म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. हातातले कडे, अंगठी उतरवा. भरत असलेल्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको, आणि ही भरणी कडब्यापासून दूर करा. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. घरातल्या मुलांना बॅटरीजवळ खेळू देऊ नका, ही जबाबदारी घरच्या सर्वांचीच.

काम पुरे झाल्यावर कोणती वायर कोठे जाते याचा नकाशा मुलाकडून वहीच्या कागदावर काढून घ्या आणि शेडमध्ये लावा. "१२ व्होल्ट, मायनस अर्थ" असे बॅटरीच्या पेटीवर रंगाने लिहा. पुढे दुसरा मेकॅनिक आला तरी घोटाळा होणार नाही. काढलेला डायनॅमो भंगारात देऊ नका. पुसून, ग्रीस लावून ठेवा. पुढच्या पिढीला ट्रॅक्टर पुन्हा मूळ रूपात न्यावासा वाटला, तर तो उपयोगी पडेल.

जोड स्वच्छ असतील तर ६ व्होल्टही पुरतात. जोड गंजलेले असतील तर १२ व्होल्टही अपुरे पडतात. तेव्हा पैसे खर्च करण्यापूर्वी पॉलिश पेपर आणि पाना हाती घ्या.