करार अजून चालू आहे

कॅनडात शाळेची सभा असो, नगरपालिकेची बैठक असो की वाचनालयातला एखादा कार्यक्रम, सुरुवातीला कोणीतरी माईकवर येऊन सांगतं, की आपण जिथे जमलो आहोत ती अमुक आदिवासी समाजांची परंपरागत भूमी आहे. याला तिथे ‘लँड अ‍ॅक्नॉलेजमेंट’ म्हणतात. २०१५ मध्ये आदिवासी मुलांच्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचा अहवाल आला, त्यानंतर ही प्रथा झपाट्यानं पसरली. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांच्या मंडळांपुढेही आता प्रश्न येतो : आपल्या कार्यक्रमात हे वाचायचं का, आणि वाचायचं तर कशासाठी? पुष्कळदा मजकूर कुठून तरी उतरवून घेतलेला असतो. अनोळखी नावं अडखळत वाचली जातात आणि पुढचा कार्यक्रम सुरू होतो. भूमी कोणाची होती एवढं श्रोत्यांना कळतं. ती कोणत्या करारानं त्यांच्या हातून गेली आणि त्या करारातली वचनं कोणी पाळली, हे मात्र कळत नाही. समाजकार्य करणाऱ्या संस्थेला या निवेदनाचा काही उपयोग करायचा असेल, तर तो या दुसऱ्या भागातच आहे.

ब्रॅम्प्टन आणि मिसिसागा ही टोरंटोला लागून असलेली शहरं भारतीयांना चांगलीच परिचयाची. मिसिसागा हे नावच तिथल्या आदिवासी राष्ट्राचं आहे. ब्रॅम्प्टनसह आसपासची ६,४८,००० एकर जमीन ‘अजेटन्स खरेदी’ या १८१८ च्या करारानं ब्रिटिश राजसत्तेकडे गेली. बदल्यात दरवर्षी ५२२ पौंड १० शिलिंग किमतीचा माल द्यायचं ठरलं. खुद्द टोरंटोची कथा आणखी विलक्षण आहे. १७८७ मध्ये झालेल्या व्यवहाराचा दस्त पुढे तपासला गेला, तेव्हा त्यात जमिनीचं वर्णनच नव्हतं. कागद कोरा होता, आणि प्रमुखांच्या खुणा वेगळ्या चिठोऱ्यांवर घेऊन त्याला जोडलेल्या होत्या. जमिनीचे वाद ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला कोऱ्या कागदावर अंगठा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अधिकाऱ्यांनाही ते कळलं होतं, म्हणून १८०५ मध्ये दहा शिलिंग देऊन व्यवहार ‘पक्का’ करून घेतला गेला. जमीन सुमारे अडीच लाख एकर. मिसिसागांनी हा दावा सोडला नाही. शेवटी २०१० मध्ये केंद्र सरकारनं साडेचौदा कोटी डॉलर देऊन तो मिटवला. हे मिसिसागा आज टोरंटोत नाहीत. १८४७ मध्ये त्यांना क्रेडिट नदीकाठचं गाव सोडून दूर हॅगर्सव्हिलजवळ जावं लागलं.

हा सगळा जुना इतिहास झाला, असं वाटू शकतं. पण करार इतिहासजमा झालेले नाहीत, हाच इथला मुद्दा आहे. १८७१ ते १९२१ या काळात कॅनडाच्या पश्चिम आणि उत्तर भागात अकरा क्रमांकित करार झाले. सूर्य तळपतो आणि नद्या वाहतात तोवर ते टिकतील, अशी तेव्हाची भाषा. आपल्याकडच्या दानपत्रांत ‘आचंद्रार्क’ लिहीत, तसंच काहीसं. त्यांतल्या कित्येक करारांखाली ठरलेले माणशी पाच डॉलर आजही दरवर्षी दिले जातात. सरकारी कर्मचारी टेबल मांडून बसतो, शेजारी लाल डगल्यातला पोलीस उभा असतो आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर पाचाची नोट पडते. दीडशे वर्षांत रक्कम वाढलेली नाही. ह्युरॉन सरोवराच्या उत्तरेकडच्या रॉबिन्सन कराराची गोष्ट तर न्यायालयानंच उघडी केली. जमिनीचं उत्पन्न वाढलं तर वार्षिक रक्कमही वाढवू, असं १८५० मध्ये त्यात लिहिलेलं होतं. पुढे तिथे सडबरीच्या निकेलच्या खाणी निघाल्या, जंगलं तोडली गेली, आणि रक्कम १८७५ मध्ये माणशी चार डॉलरवर गेली ती तिथेच थांबली. २०२३ मध्ये ह्युरॉनकडच्या राष्ट्रांशी दहा अब्ज डॉलरची तडजोड झाली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरकारनं या वचनाची थट्टा केल्याचा ठपका ठेवला.

यावर स्थलांतरित माणूस जो आक्षेप घेतो, तो बिनतोड वाटतो. आम्ही तर कालपरवा आलो, आमच्याही देशावर त्याच इंग्रजांनी राज्य केलं, मग त्यांच्या पापाची कबुली आम्ही का द्यायची? आक्षेपाचा अर्धा भाग मान्यच करायला हवा. पापाची कबुली कोणी मागू नये आणि कोणी देऊही नये. ती नुसती भावनिक गोष्ट आहे. पण करार हा दोन पक्षांतला व्यवहार असतो आणि त्यातला एक पक्ष कॅनडाचं सरकार आहे. जो तिथला नागरिक होतो, कर भरतो, त्या जमिनीवरचं घर विकत घेतो, तो कराराच्या त्याच बाजूला जाऊन बसतो. २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेतच आदिवासींच्या आणि कराराच्या हक्कांना मान्यता देणाऱ्या राज्यघटनेचा उल्लेख आला आहे. आयोगाच्या ९४ शिफारशींपैकी शेवटच्या दोन नेमक्या नवागतांविषयीच होत्या : त्यांना द्यायच्या माहितीत करारांचा इतिहास असावा आणि शपथेत करारांचा उल्लेख असावा. जी गोष्ट हात वर करून शपथेवर मान्य केली, तिची आठवण मंडळाच्या कार्यक्रमात नको, असं म्हणणं जरा अवघड आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो आदिवासींकडूनच आला. टोरंटोतल्या एका विद्यापीठासाठी असं निवेदन लिहायला मदत करणारे अनिशिनाबे अभ्यासक हेडन किंग यांनी २०१९ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. वाचणाऱ्याला काहीच करावं लागत नाही, चार ओळी वाचल्या की तो मोकळा, हे त्यांचं दुखणं होतं. ते रास्त आहे. पण त्यावर उपाय निवेदन बंद करणं नव्हे, ते अवघड करणं आहे. विनिपेगचं उदाहरण घ्या. या शहराला १९१९ पासून सुमारे दीडशे किलोमीटर लांबून, शोल लेकहून, पाणी येतं. त्या योजनेसाठी खणलेल्या कालव्यानं शोल लेक ४० या आदिवासी वस्तीचं बेट झालं; जमिनीवरून बाहेर पडायला बारमाही रस्ता मिळाला तो थेट २०१९ मध्ये. शहर ते पाणी पीत होतं, आणि त्याच तळ्याकाठच्या वस्तीला १९९७ पासून २०२१ पर्यंत पाणी उकळून पिण्याची सूचना होती. विनिपेगमध्ये आता भूमीबरोबर या पाण्याचंही नाव घेतलं जातं. अशी ओळ वाचून मोकळं होता येत नाही, कारण पुढचा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो.

उद्या घरंच मागितली तर, ही भीतीही असते. टोरंटोच्या तडजोडीत एकाही घरमालकाला घर सोडावं लागलं नाही. पैसे सरकारनं दिले. सगळीकडे असंच होईल असं नाही. व्हँकूवरची भूमी मस्क्विम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाटुथ यांनी कोणत्याही करारानं दिलेलीच नाही, त्यामुळे तिथला प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तिथे करार वाचून दाखवता येणार नाही. करार नाही, एवढंच स्पष्ट सांगावं लागेल.

तेव्हा ज्या मंडळांना, वाचकगटांना, मराठी शाळांना हे निवेदन करायचं आहे त्यांनी तयार मजकूर बाजूला ठेवावा. आपल्या गावाचा करार कोणता, तो कोणत्या साली झाला, काय द्यायचं ठरलं आणि त्यातलं काय बाकी आहे, हे शोधून चार ओळी मराठीत लिहाव्यात. त्या राष्ट्राच्या माणसाला बोलावलं तर मानधन द्यावं. आणि हे जमणार नसेल, तर निवेदन न वाचलेलं बरं.