विश्लेषण : शेतातला खासगी मातीचा बांध फुटला तर जबाबदारी कोणाची?

सरकारी धरणांसाठी कायदा आहे, तपासणी आहे, अभियंते आहेत. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत घातलेल्या मातीच्या बांधाचे काय? धरणगावसारख्या तालुक्यात पावसाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न का महत्त्वाचा, याचा आढावा.

नावातच ‘धरण’ असलेल्या धरणगाव तालुक्यात पाणी साठवणे ही चैन नाही, गरज आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील या भागात पावसाने मोठी उघडीप दिली, की कपाशी आणि मक्यासाठी साठवलेले पाणीच कामी येते. त्यामुळे शेततळे, नाल्यावरचा बांध, विहिरीचे पाणी उपसून भरायचे प्लास्टिक अस्तराचे तळे, असे जमेल ते शेतकरी करतात. मात्र पाणी जमिनीच्या पातळीपेक्षा वर साठू लागले, की ते तळे राहत नाही. ते एक छोटे मातीचे धरणच होते आणि मोठ्या धरणाचे सगळे धोके त्यालाही लागू होतात.

छोट्या बांधाचा धोका किती मोठा?

साधे गणित पाहू. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे २० लाख लिटर पाणी मावते. म्हणजे १० हजार लिटरचे २०० टँकर. हे पाणी खोदलेल्या खड्ड्यात असेल तर ते फुटून वाहण्याची भीती नाही. पण ते बांधाच्या आधारे जमिनीवर उभे असेल, तर तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर ३ टनांचा दाब असतो. बांध फुटून तळे अर्ध्या तासात रिकामे झाले, तर सरासरी दर सेकंदाला ११०० लिटर पाणी बाहेर पडते. सुरुवातीचा लोंढा याहून मोठा असतो. खालच्या बाजूला गोठा, सालदाराची झोपडी किंवा नाल्यातून जाणारी वाट असेल, तर एवढे पाणी जीव घ्यायला पुरेसे आहे.

कायदा काय सांगतो?

धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांनाही तो लागू होतो, पण काही अटींवर. उदाहरणार्थ, माथ्याची लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर असावा लागतो.

या कायद्यात ‘मालक’ म्हणजे फक्त सरकार नाही. धरण ज्याच्या मालकीचे किंवा ताब्यात आहे ती कंपनी किंवा व्यक्तीही त्यात येते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे, आपत्कालीन कृती आराखडा करणे, देखभालीसाठी पैसा ठेवणे ही मालकाची कर्तव्ये आहेत. सर्वंकष सुरक्षा मूल्यमापनासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. निर्देश न पाळल्यास एक वर्षापर्यंत आणि त्यातून जीवितहानी झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण १० मीटरपेक्षा कमी उंचीचा बांध या चौकटीत येतच नाही. वरच्या उदाहरणातले शेततळे तर साठ्याच्या अटीपेक्षा ५०० पट लहान आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतही तळ्याची निगा आणि दुरुस्ती शेतकऱ्यावरच सोपवलेली होती. म्हणजे अशा बांधाची पाहणी मालकाने केली नाही, तर बहुधा दुसरे कोणीच करत नाही.

मग नुकसानभरपाई कोण देणार?

हा वाद दीडशे वर्षे जुना आहे. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाच्या खासगी तलावाचे पाणी शेजारच्या कोळसा खाणीत शिरले. १८६८ मध्ये ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या निकालात मालक स्वतः निष्काळजी नसतानाही जबाबदार ठरला.

भारतातले उदाहरण वेगळे आहे. आजच्या आंध्र प्रदेशातील कार्वेटिनगरमच्या जमीनदाराचे सिंचन तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वेचे पूल वाहून गेले. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जमीनदाराला जबाबदार धरले नाही. या देशात शेती तलावांवर अवलंबून आहे, तलाव राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे, त्यामुळे त्याने निष्काळजीपणा केला असेल तरच तो दोषी, असा या निकालाचा आशय होता.

म्हणजे प्रश्न शेवटी ‘काळजी घेतली होती का?’ इथे येतो. आजही निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून बांधाची पाहणी कधी केली, काय दुरुस्त केले, याची वहीत तारखेसह नोंद ठेवणे मालकाच्याच हिताचे आहे.

बांध फुटतो कसा?

मातीच्या बांधाला तीन मुख्य धोके असतात.

- माथ्यावरून पाणी वाहणे : सांडवा अपुरा किंवा बंद असेल तर पाणी माथ्यावरून वाहते आणि माती झपाट्याने कापत जाते. गुजरातमधील मोरबी येथे ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ धरणाचा मातीचा भाग असाच वाहून गेला. अमेरिकेतील साउथ फोर्क हे एका खासगी क्लबचे मातीचे धरण होते. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या होत्या, माथाही खाली आणलेला होता. ३१ मे १८८९ रोजी ते फुटले आणि २२०९ जणांचा मृत्यू झाला.
- आतून पोखरणे : झिरपणारे पाणी मातीचे कण सोबत नेऊ लागले, की आत नळीसारखी वाट तयार होते. उंदीर-घुशींची बिळे, कुजलेली मुळे आणि बांधातून जाणाऱ्या पाइपाच्या कडेची पोकळी ही त्याची सुरुवात असते.
- उतार ढासळणे : भिजून जड झालेली किंवा नीट न दाबलेली माती घसरते.

खानदेशात यात काळ्या मातीची भर पडते. ही माती पाणी अडवायला उत्तम, म्हणूनच धरणाच्या गाभ्यात, म्हणजे ‘हार्टिंग’मध्ये ती वापरतात आणि बाहेरून मुरमाचे ‘केसिंग’ देतात. पण उघडी राहिली तर उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी थेट त्या भेगांत शिरते. त्यातच अनेक बांध जेसीबीने माती ओतून उभे केलेले असतात. ढीग टाकणे म्हणजे दबाई नव्हे. ओलसर माती पातळ थरांत पसरून प्रत्येक थर रोलरने दाबावा लागतो.

गळती धोक्याची कधी?

मातीचा प्रत्येक बांध थोडा पाझरतो. पाणी स्वच्छ असेल आणि रोज तेवढेच येत असेल, तर लक्ष ठेवावे. बादली भरायला किती सेकंद लागतात, हे मोजून लिहून ठेवावे. वेळ कमी होत गेली तर गळती वाढते आहे. पाणी गढूळ आले, तर बांधाची माती बाहेर पडत आहे, ही धोक्याची खूण.

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास बळी गेले. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. नंतर खेकड्यांवर खापर फोडले गेले, ते गाजलेही. ते धरण सरकारी होते. केनियात सोलाई येथे ९ मे २०१८ रोजी फुटलेले पटेल धरण खासगी शेतीच्या सिंचनाचे होते. तिथेही रात्रच होती आणि चाळीसहून अधिक जण गेले.

पावसाळ्यापूर्वी काय पाहावे?

- सांडवा मोकळा आहे का? जास्त पाणी साठावे म्हणून त्यात फळ्या किंवा वाळूची पोती लावू नयेत.
- माथा सगळीकडे सारखा आहे का? पूर्ण भरल्यावरही पाणी माथ्यापासून किमान अर्धा मीटर खाली राहावे.
- भेगा आणि बिळे खोदून, ओलसर मातीने थराथराने दाबून भरावीत.
- बांधावर हरळी असू द्यावी, वेडी बाभूळ वाढू देऊ नये.
- प्लास्टिक फाटले आहे का? अस्तरामागची गळती दिसत नाही, पायथ्याची ओल मात्र दिसते.

गढूळ पाणी दिसले तर?

आधी खालच्या वस्तीला कळवावे, मग पोलीस पाटील, तलाठी आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला (१०७७). पंप किंवा सायफनने पाणी कमी करावे. गळतीचे तोंड चिखलाने बुजवू नये, पाणी दुसरीकडून वाट काढते. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी आणि वर दगड टाकावेत. पाणी निघून जाते, माती अडते.

मालकी बदलली की काय होते?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतील मालगुजारी तलाव एकेकाळी खासगी होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. मात्र गावपातळीवर निगा राखणारी व्यवस्था मोडली आणि अनेक तलाव गाळाने भरले. खानदेशात पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत बंधारा-पाटाची दुरुस्ती लाभधारक मिळून करत. पाणी फिरवायला पाटकरी आणि राखणीला जागल्या असे.

आज एकेका शेतातल्या बांधाला तसा जागल्या नाही. ते काम मालकालाच करायचे आहे, आणि खालच्या बाजूला राहणाऱ्यांना तो बांध दाखवून ठेवायचा आहे. गढूळ पाणी पहिल्यांदा बहुधा त्यांनाच दिसेल.