रूळ सोडणारे चिमुकले इंजिन

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. रूळ अवघे ७६२ मि.मी. अंतरावरचे. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी इंजिनाचा व डब्यांचा भार सर्व आसांवर सारखा, प्रत्येकी पाच टनांपर्यंतच ठेवला. तो अरुंद मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. पण भारवाटपाचे ते तत्त्व टेबलावरच्या प्रतिकृतींनाही लागू पडते.

इंजिन घसरले की हौशी मंडळी लगेच चाकांना हात घालतात. आधी निरीक्षण करावे. ते एकाच जागी घसरत असेल तर दोष रुळाचा: जोडावरील उंचसखलपणा किंवा सांध्यात अडकलेला कचरा. कुठेही घसरत असेल तर मात्र चाके तपासावीत. १६.५ मि.मी. रुळांवरील 'एचओ' इंजिनात जोडीच्या चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये सुमारे १४.४ मि.मी. अंतर हवे. मग इंजिन सपाट काचेवर ठेवावे. अधांतरी राहणारे चाक लगेच दिसते.

वळणावर पुढची छोटी चाकेच उडत असतील, तर त्यांच्यावर पुरेसा भार नसतो. तेथे शिशाचा लहानसा तुकडा पुरतो. स्प्रिंगही चालते, पण ती कडक असल्यास मुख्य चाके उचलली जाऊन इंजिन जागीच गरगरते.