पावसाळ्यातली कोरी पानं : पाणथळीच्या नोंदींविषयीचे काही गैरसमज

मे-जूनमध्ये रोहित पक्ष्यांचे थवे खाडीवरून उठून गेले की न्हावा शेवा, पाणजे, भेंडखळ या भागात दुर्बिणी घेऊन येणारी माणसंही दिसेनाशी होतात. हंगाम संपला म्हणून मिटलेल्या वह्या थेट नोव्हेंबरात उघडतात आणि मधल्या महिन्यांची पानं कोरी राहतात. मला ही कोरी पानं फार खुपतात. १९८९ साली इथं बंदर सुरू झालं, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, उलव्याला विमानतळ उभा राहिला. भराव, रस्ते, गोदामं यांनी या किनाऱ्याचं रूप एका पिढीत पालटलं. भरतीचं पाणी पाणथळीत येण्याच्या वाटा बंद झाल्याच्या तक्रारी पाणज्याबाबत वारंवार झाल्या. अशा वेळी ‘इथं आधी काय होतं?’ या प्रश्नाला आठवणींनी उत्तर देता येत नाही. तारीख, वेळ आणि आकडा लागतो, आणि तो बाराही महिन्यांचा लागतो.

‘पावसाळ्यात पाहण्यासारखं काही नसतं’

हा सगळ्यांत पक्का रुजलेला गैरसमज. आपण ज्याला हंगाम म्हणतो तो पाहुण्या पक्ष्यांचा हंगाम आहे. इथल्या रहिवाशांचा संसार पावसाळ्यातच मांडला जातो. सुगरण, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांची वीण याच दिवसांत होते. जवळच्या कर्नाळ्यात तर तिबोटी खंड्या येतो तोच पहिल्या पावसाबरोबर. त्याच्या दृष्टीनं बिनहंगामाचे महिने हिवाळ्याचे.

पाहुण्यांचं म्हणाल तर तेही पूर्ण जात नाहीत. चिखल्या आणि तुतवार यांच्यातले कितीतरी पहिल्या वर्षाचे, अजून वीण न करणारे पक्षी उत्तरेकडे न जाता उन्हाळा-पावसाळा इथल्याच चिखलात काढतात. आणि जे गेले, त्यांतले काही प्रौढ पक्षी जुलैच्या शेवटापासून, ऑगस्टात परतूही लागतात. नोव्हेंबरात वही उघडणाऱ्याला वाटतं, पक्षी आत्ताच आले. ते आले तेव्हा बघायला कुणी नव्हतं, एवढंच.

पावसाळ्यातल्या चिकाटीच्या टिपणांनी काय साधतं, याचं उत्तम उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. १९३० साली सलीम अली यांच्या हाती नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला ते राहत होते आणि घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. शिडीच्या टोकाला कापडी आडोसा करून ते त्यात तासन् तास बसत आणि काय दिसलं ते लिहीत. नर घरटं विणतो, अर्धवट विणून झालं की माद्या ते पाहायला येतात, एखादीनं पसंत केलं की नर ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला हात घालतो, दुसऱ्या मादीसाठी. ही सगळी रीत त्या पावसाळी टिपणांतून उलगडली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली त्यावरचा लेख आला आणि त्याचं नाव झालं. सुगरण कुणीही पाहिलेली असते. कोणतं घरटं कधी सुरू झालं आणि त्यात कोण कधी शिरलं, हे ओळीनं लिहिलं गेल्यामुळे त्या पाहण्याचं ज्ञान झालं.

‘जागा आणि तारीख लिहिली की झालं’

न्हावा शेव्यात हे मुळीच चालत नाही. इथं पक्ष्यांचं घड्याळ समुद्र चालवतो. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर विखुरतात. शंभर असले तरी पाच-पन्नास दिसतील. भरतीनं चिखल झाकला की तेच पक्षी पाणज्यासारख्या आतल्या पाणथळीत किंवा मिठागरांच्या बांधांवर येऊन दाटीवाटीनं उभे राहतात. म्हणजे एकाच दिवशी, एकाच जागी सकाळी तीस आणि दुपारी तीनशे हे दोन्ही आकडे खरे असू शकतात. भरतीची स्थिती न लिहिता ‘यंदा पक्षी घटले’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे अंधारात तीर मारणं होय.

यासाठी महागडं साधन लागत नाही. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा चिखल कमी उघडा पडतो. कोळीवाड्यातल्या कुठल्याही जाणत्या माणसाला हे पाठ असतं. वहीत तारखेशेजारी तिथी लिहिण्याची सवय लावा. छापील भरतीपत्रक हाती असेल तर नेमकी वेळही लिहा.

बाकीचे रकाने थोडेच आहेत : पाहणी सुरू केली ती वेळ, थांबवली ती वेळ, किती चाललो, सोबत किती जण, पाऊस-वारा कसा होता. आज अर्धा तास थांबून आणि पुढच्या खेपेला तीन तास थांबून काढलेल्या आकड्यांची थेट तुलना होत नाही. वेळ लिहिलेली असली तर निदान हिशेब करता येतो. थवा मोठा असेल तर दहा पक्षी मोजून त्या मापानं बाकीचा थवा मोजावा आणि आकड्यापुढे ‘अंदाजे’ लिहावं. ‘भरपूर’, ‘असंख्य’ हे शब्द नोंदीत नकोत. पायात कडं किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर कोणता पाय, कोणता रंग, कोणती अक्षरं हे तिथल्या तिथं लिहावं. पावसात शाई पसरते, म्हणून पेन्सिल.

‘दिसलंच नाही, तर लिहायचं काय?’

शून्य लिहायचं. आपल्याकडच्या हौशी नोंदींत सर्वांत मोठी उणीव याच शून्याची आहे. पाणज्याला दोन तास थांबून एकही शेकाट्या दिसला नाही, तर ती पूर्ण नोंद आहे. ती न लिहिल्यास दहा वर्षांनी वही चाळणाऱ्याला कळणार नाही, की शेकाटे नव्हते की त्या दिवशी कुणी गेलंच नव्हतं. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना ‘ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का?’ असा प्रश्न विचारतात तो याचसाठी. हो म्हटलं, तर यादीत नसलेला पक्षी ‘आढळला नाही’ असं धरता येतं.

‘फोटो आहेत की’

फोटो ओळख पटवायला उत्तम. पण फोटो एका पक्ष्याचा असतो. शेजारी किती होते, आपण किती वेळ थांबलो, पाणी चढत होतं की उतरत होतं, हे त्यात नसतं. आणि संध्याकाळी घरी बसून आठवणीनं आकडे भरण्याचा मोह टाळाच. आठवण नेहमी गोल आकड्यांकडे झुकते.

‘कावळे-चिमण्या काय लिहायच्या!’

चिमणी संपत चालली, असं आपण वर्षानुवर्षं ऐकलं. प्रत्यक्षात ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० च्या अहवालात देशभरात चिमणीची संख्या साधारण स्थिर आणि महानगरांत मात्र घटलेली दिसली. हे सांगता आलं ते साध्यासुध्या पक्ष्यांचीही नोंद करणारे लोक होते म्हणून. २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यांतले बहुसंख्य शास्त्रज्ञ नव्हते. ‘माझ्या वहीला कोण विचारतं?’ या शंकेचं उत्तर यातच आहे.

आशियाई पाणपक्षी गणना आपल्याकडे १९८७ पासून होते, पण ती जानेवारीत. वर्षातून एकदाच होत असली, तरी तिचं मोल मोठं आहे. जून ते ऑक्टोबर भरून काढणं मात्र गावात राहणाऱ्यांनाच शक्य आहे. उरण-पनवेलच्या शाळा-महाविद्यालयांनी एकेक पाणथळ वाटून घेतली, तरी दोन-चार वर्षांत चित्र स्पष्ट होऊ लागेल.

‘नोंद म्हणजे जाहीर करण्याची गोष्ट’

सगळी नव्हे. घरट्याची नेमकी जागा समूहावर टाकली की दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यांची रांग लागते आणि पक्षी घरटं सोडतो. प्राण्यांच्या बाबतीत तर जास्तच जपावं. कर्नाळ्याच्या परिसरात ओल्या मातीत भेकराच्या खुरांचे ठसे दिसले, तर वहीत ठिकाण नीट लिहा, पण ते पसरवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणांची शिकार हा गुन्हा आहे, तरी फासे लावणारे संपलेले नाहीत आणि तुमची नोंद त्यांच्याही उपयोगाची ठरू शकते. संशय आला तर वनखात्याला कळवा. तसंच, बंदराच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. सार्वजनिक रस्त्यावरून आणि बांधावरून दिसतं तेवढं पुष्कळ असतं.

सुरुवात करायची तर एकच जागा निवडा, जिथं तुम्हाला पंधरवड्यातून एकदा नक्की जाता येईल. तिथी पाहून भरतीची वेळ काढा, दर खेपेला भरतीच्या त्याच टप्प्याला जा, तेवढाच वेळ थांबा. दिसेल ते लिहा, न दिसलेलंही लिहा. आणि हे काम पावसातच सुरू करा, कारण तीच पानं आज कोरी आहेत.