रसायनाची कुंडली मागून घ्या



आपल्या वस्तीत दारावर येणाऱ्या सायकलवाल्याकडे फिनाईल आणि ॲसिड मिळते. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरलेले, वर नाव नाही, गाव नाही. हाउसकीपिंगला जाणाऱ्या आपल्या भगिनी पाच लिटरच्या कॅनमधून लहान बाटलीत द्रव ओतून घेतात. त्याला ‘निळे पाणी’, ‘लाल पाणी’ एवढेच नाव असते. रंगकाम करणाऱ्या भावाच्या पिशवीत थिनरची बाटली असते, तिचीही तीच गत.

डोळ्यात काही उडाले की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, “बाटलीत काय होते?” आपल्याजवळ उत्तर नसते. पण ते उत्तर कुठेतरी लिहिलेले असते. ज्या कारखान्यात तो माल बनला, तिथल्या संगणकात त्या रसायनाची पूर्ण कुंडली असते. आपण जन्मकुंडली मानत नाही. ही कुंडली मात्र प्रत्येकाने मागून घ्यावी, कारण ती ग्रहांवर नाही, मोजमापावर उभी आहे.

कुंडली तयार कशी होते?

समजा, एका कंपनीला संडास साफ करण्याचे द्रव बनवायचे आहे. त्यात पाणी, हायड्रोक्लोरिक आम्ल, घट्टपणा आणणारा पदार्थ, रंग आणि सुवास असतो. ही सगळी यादी टक्केवारीसह संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये भरतात. नावात घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक पदार्थाला जगभर एकच नंबर असतो. त्याला कॅस नंबर म्हणतात. पाण्याचा 7732-18-5, हायड्रोक्लोरिक आम्लाचा 7647-01-0. दुकानदार आम्लाला काहीही म्हणो, नंबर बदलत नाही.

मग तयार द्रवाचे गुणधर्म भरतात. सामू, म्हणजे पीएच, किती? तो 2 किंवा त्याहून कमी, अथवा 11.5 किंवा त्याहून जास्त असेल, तर हा द्रव कातडी जाळू शकतो असा इशारा मिळतो. किती तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते? थिनरची वाफ तर साध्या खोलीच्या तापमानालाही पेटू शकते. म्हणून थिनरजवळ विडी ओढणे किंवा स्टोव्ह पेटवणे जिवावर बेतते.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक घटकाचे धोके आधीच नोंदलेले असतात. कोणता घटक किती टक्के असला की मिश्रण धोक्याचे ठरते, याचे नियम संयुक्त राष्ट्रांनी 2003 साली जगासाठी प्रसिद्ध केले. त्या नियमांनी हिशेब होतो आणि दोन गोष्टी तयार होतात. एक बाटलीवरचे लेबल. दुसरी 16 भागांचे पत्रक, ज्याला सेफ्टी डेटा शीट म्हणतात. नवे नियम पाळणाऱ्या लेबलवर लाल किनारीच्या चौकोनात चित्र असते. हातावर द्रव सांडताना दिसला तर तो जाळणारा. ज्वाळा असेल तर पेटणारा. कवटी असेल तर विषारी.

पत्रकात काय पाहायचे?

सोळाही भाग वाचण्याची गरज नाही. पाच पुरेत. भाग 2 मध्ये धोका कोणता ते असते. भाग 4 मध्ये प्रथमोपचार. भाग 7 मध्ये माल कसा हाताळावा, कुठे ठेवावा. भाग 8 मध्ये हातमोजे, चष्मा, मास्क कोणता लागतो. भाग 10 मध्ये कशात मिसळू नये. पत्रकावरची तारीखही पाहावी. कंपनीने मिश्रण बदलले आणि संगणकातली नोंद तशीच राहिली, तर पत्रक जुन्या मालाचे निघते.

पत्रक बहुधा इंग्रजीत असते. पण त्यातली धोक्याची वाक्ये ठरलेली असतात आणि त्यांना क्रमांक असतात. ‘एच 314’ म्हणजे कातडी गंभीर भाजते आणि डोळ्यांना इजा होते. अशी वाक्ये एकदा मराठीत करून प्रोग्रॅममध्ये भरली की हजारो पत्रकांत तीच वापरता येतात. युरोपात लेबल त्या त्या देशाच्या भाषेत देणे कायद्याने बंधनकारक आहे. मग झाडू मारणाऱ्या आपल्या माणसाला मराठीत माहिती का मिळू नये?

हा हक्क कुठून आला?

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. कारखान्याला लागून असलेल्या गरीब वस्त्यांतली हजारो माणसे मेली. कोणता वायू आणि त्यावर उपचार काय, हे डॉक्टरांनाही नीट सांगितले गेले नव्हते. त्यानंतर 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मागण्याचा कामगाराचा हक्क त्यात आला. 1989 च्या नियमांनी धोकादायक रसायनाचे माहितीपत्रक ठेवणे बंधनकारक केले. त्या दुरुस्तीतला हक्क कारखान्याच्या कामगारापुरता होता. पण ऑफिसात, सोसायटीत किंवा दवाखान्यात साफसफाई करणाऱ्यानेही ठेकेदाराकडे पत्रक मागावे. एकट्याने मागायची भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून मागावे.

संगणकाला जे कळत नाही

प्रोग्रॅम एका बाटलीचा हिशेब करतो. तुम्ही मोरीत दोन बाटल्या एकत्र ओतल्या, हे त्याला कळत नाही. संडास साफ करण्याचे आम्ल आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे लहानशा बंद संडासात खाली साचून राहतो. डोळे चुरचुरतात, खोकल्याची ढास लागते, फुफ्फुसांना इजा होते. असे झाले तर काम टाकून लगेच मोकळ्या हवेत या. “दोन्ही टाकले की लवकर निघते” हा ऐकीव सल्ला आहे. ऐकिवावर विसंबू नका, पडताळून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते इथेही लागू आहे.

अपघात झालाच तर

डोळ्यात गेले तर पापणी उघडी धरून 15 ते 20 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि मग दवाखाना गाठा. अंगावर सांडले तर भिजलेले कपडे काढा आणि भरपूर पाणी ओता. हळद, टूथपेस्ट, सोडा लावू नका. पोटात गेले तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. आम्ल वर येताना घसा दुसऱ्यांदा जाळते. रॉकेल किंवा थिनर फुफ्फुसात शिरते. 108 ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक 1800 116 117 आहे. आणि बाटली लेबलसह दवाखान्यात न्या.

आजपासून एवढे करू या

बिनलेबलचा माल घेऊ नका. लहान बाटलीत ओतायचेच असेल तर कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहा. पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका, लेकरू तहानेने तोंडाला लावते. रविवारी विहारात वंदनेनंतर प्रत्येकाने आपल्या कामावरच्या एका डब्याच्या लेबलचा फोटो आणावा. शिकलेल्या मुला-मुलींनी त्या मालाच्या पत्रकातले भाग 2, 4 आणि 10 शोधून मराठीत वाचून दाखवावेत. कॅनवर कंपनीचे नाव असले की पत्रक मागवता येते, अनेक कंपन्यांची पत्रके मोबाईलवरही सापडतात.

तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात विषाचा व्यापार आहे. नाव न सांगता जाळणारे द्रव गरिबाच्या हाती देणे हे त्याहून फार वेगळे नाही. विकणारा सांगत नसेल, तर विचारणे आपल्या हातात आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!