गाडी नवी, मग हे आचके कसले?

ऑटोमॅटिक घेतली ती ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाला सुट्टी मिळावी म्हणून. पण सिग्नल सुटला की गाडी थरथरते, दुसरा गिअर पडताना हिसका देते आणि सर्व्हिस सेंटरवाले हसून सांगतात, 'सर, नॉर्मल आहे!' खरंच नॉर्मल आहे का, हे ओळखायचं कसं?

संध्याकाळी सातला हिंजवडीहून निघालेली गाडी वाकडच्या पुलापर्यंत किती वेळा थांबली आणि किती वेळा इंचभर पुढे सरकली, याचा हिशेब आपण ठेवत नाही. गाडीचा क्लच मात्र ठेवतो! पवईच्या जेव्हीएलआरवर किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर अडकणाऱ्यांची कथा वेगळी नाही. एफएमवर गाणं लागलेलं असतं, एसी मस्त चालू असतो आणि अचानक सीटखालून एक थरथर येते. जणू गाडीला थंडी वाजलीय. ईएमआयचे अजून सहा हप्तेही गेलेले नसतात. मग सुरू होतं टेन्शन.

तर मंडळी, पहिली गोष्ट. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. गाडीच्या आचक्यांना स्वतःची भाषा असते. ती कळली, तर समोरचा 'नॉर्मल आहे' म्हणतो तेव्हा मान डोलवायची की जॉब कार्ड मागायचं, हे तुम्हाला ठरवता येतं.

आडनाव एक, घरं चार

'ऑटोमॅटिक' हे नुसतं आडनाव. त्यामागे चार वेगवेगळी घरं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. तुमच्या गाडीत नेमकं काय आहे, ते आधी ओनर्स मॅन्युअलमध्ये बघा.

एएमटी : २०१४मध्ये सेलेरिओबरोबर ही आपल्याकडे आली आणि बजेटवाल्यांची लाडकी झाली. हा खरं तर साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्याऐवजी यंत्र करतं. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर ओढ कमी होते आणि मान पुढे हलते. हा तिचा जन्मजात स्वभाव आहे. गिअर पडायच्या बेताला ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडला की हिसका बराच कमी होतो.

सीव्हीटी : इथे ठरावीक गिअरच नाहीत. दोन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा धातूचा पट्टा. ॲक्सिलरेटर दाबला की आधी इंजिन ओरडतं आणि मग वेग येतो. ही गंमत नॉर्मल. पण निघताना थरथर किंवा ठरावीक वेगाला धक्के येत असतील, तर ते नॉर्मल नाही.

टॉर्क कन्व्हर्टर : जुनंजाणतं, शांत घराणं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेल असतं, त्यामुळे बरेचसे धक्के तिथेच विरतात. वेग स्थिर झाला की आतला लॉक-अप क्लच दोघांना घट्ट जोडतो, म्हणजे पेट्रोल वाचतं. हा क्लच नीट न पकडता घसरायला लागला की थरथर सुरू!

डीसीटी : दोन क्लच. एकाकडे १, ३, ५ असे गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार. हायवेवर एकदम झक्कास! पण यातही दोन प्रकार. 'वेट' क्लच तेलात बुडलेला असतो, तेल त्याची उष्णता घेऊन जातं. 'ड्राय' क्लचला ती सोय नाही. मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तो सतत अर्धवट पकडून घासत राहतो आणि तापतो.

कधी होतं, ते आधी लिहा

'गाडी झटके मारते' एवढंच सांगितलं, तर मेकॅनिकलाही काही कळत नाही. डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही' म्हणण्यासारखंच ते. आठवडाभर मोबाइलमध्ये टिपण ठेवा : वेग किती, कोणता गिअर, चढ होता की सपाट, गाडी नुकतीच सुरू केलेली की तासभर चालून तापलेली. मग चित्र स्पष्ट होतं.

थांबलेली गाडी निघताना किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना थरथर येत असेल, तर एएमटी आणि डीसीटीमध्ये पहिला संशय क्लचवर. ४० ते ८०च्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर, रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी गुरगुर आली आणि पाय उचलताच थांबली, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत लॉक-अप क्लच बघायला सांगा.

पण प्रत्येक थरथर गिअरबॉक्सचीच असते असं नाही. ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतंय आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी थांबत नाही? आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्या. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये आणि तरी केबिन हादरतेय? इंजिन माउंट तपासा. चढावर जोर लावला की आचके आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लुकलुकतोय? मग स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइलमुळे इंजिन मिसफायर करत असण्याची शक्यता मोठी. लुकलुकणारा दिवा दिसला तर गाडी दामटू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला की खर्च कितीतरी वाढतो.

'तुमचं ड्रायव्हिंग चुकतंय!'

हे वाक्य ऐकलं की आपण लगेच ओशाळतो. पण याच वाक्यापायी एका कंपनीला काय मोजावं लागलं, ते ऐका.

फोर्डने 'पॉवरशिफ्ट' नावाचा सहा गिअरचा ड्राय क्लच डीसीटी फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टमध्ये दिला होता. ऑस्ट्रेलियात तक्रारींचा पाऊस पडला. निघताना थरथर, मध्येच ताकद जाणं, गिअर उडी मारणं. गजबजलेल्या चौकात वळताना गाडीने दम टाकला तर काय होईल, याची कल्पना करा. ग्राहकांना सांगितलं गेलं की दोष तुमच्या चालवण्याच्या पद्धतीचा. शिवाय अट अशी की थरथर डीलरच्या माणसासमोर होऊन दिसली पाहिजे. प्रत्यक्षात गिअरबॉक्समध्ये दोष आहेत, हे कंपनीला ठाऊक होतं. तिथल्या ग्राहक आयोगाने केस केली. मे २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळातल्या तक्रारी ज्या पद्धतीने हाताळल्या, त्याबद्दल एप्रिल २०१८मध्ये फेडरल कोर्टाने फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. वागणं अन्यायकारक होतं, हे कंपनीनेही कबूल केलं.

आपल्याकडच्या पेट्रोल इकोस्पोर्टमध्येही २०१७पर्यंत पॉवरशिफ्ट मिळायचा. त्या वर्षीच्या नव्या अवतारात त्याच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर आला. म्हणजे प्रत्येक जुनी गाडी बिघडलेलीच असेल असं अजिबात नाही. पण सेकंडहँड घेताना वर्ष बघा आणि गर्दीच्या वेळी, गरम गाडीवर ट्रायल घ्या. रविवारी सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी असतात!

कधी कधी औषध साधं असतं

आचके आले म्हणजे अख्खा गिअरबॉक्स गेला, असंही नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर थरथरत होता. मूळ तेल हवेतला ओलावा शोषतं, हे त्यामागचं एक कारण निघालं. कंपनीने दुसऱ्या प्रकारचं तेल ठरवून दिलं आणि जुनं पूर्ण काढून नवं भरायच्या सूचना डीलर्सना दिल्या. फोक्सवॅगननेही २०१३मध्ये जगभरातल्या १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यांच्या सात गिअरच्या डीएसजीमधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायचं होतं, कारण सिंथेटिक तेलामुळे वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता.

धडा काय? गिअरबॉक्सचं तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच हवं. 'सगळ्यांना चालतं' म्हणून कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये भलतंच भरू नका. 'लाइफटाइम ऑइल' हा शब्द ऐकलात, तर मॅन्युअलमधलं 'सिव्हिअर कंडिशन' वेळापत्रक उघडा. धूळ, उकाडा आणि थांब-चाल ट्रॅफिक म्हणजे आपलं रोजचंच जगणं.

दुसरं साधं औषध सॉफ्टवेअरचं. क्लच झिजत जातो, तसा तो कुठे पकडतो तो बिंदू बदलतो. कॉम्प्युटरला हा बिंदू पुन्हा शिकवता येतो. त्याला क्लच ॲडॅप्टेशन किंवा रीलर्न म्हणतात. वेळ फार लागत नाही, हिसके मात्र पुष्कळदा निवळतात. पण रीलर्न करूनही पंधरा दिवसांत थरथर परत आली, तर मूळ दुखणं वेगळं आहे. पुनःपुन्हा 'रीसेट करून दिलंय सर' ऐकून घेऊ नका.

आपल्या हातात काय?

सवयींनी फरक पडतो, हेही खरं. एएमटी किंवा ड्राय डीसीटी असेल, तर पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून इंचाइंचाने सरकू नका. एका गाडीएवढी जागा होऊ द्या आणि मग एकदाच पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या! ऑफिसच्या पार्किंगच्या रॅम्पवर किंवा कात्रजच्या घाटात गाडी ॲक्सिलरेटरवर रोखून धरू नका. ब्रेक, हँडब्रेक किंवा ऑटो होल्ड वापरा. उभं राहायचं असेल तेव्हा ब्रेक पूर्ण दाबा. अर्धवट दाबला की गाडी पुढे ओढत राहते आणि क्लच घासतो. गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली, तर बाजूला घ्या, 'पी'मध्ये टाका आणि मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं थंड होऊ द्या. रिव्हर्समधून 'डी'मध्ये टाकताना गाडी पूर्ण थांबलेली हवी.

जॉब कार्ड हाच पुरावा

आता सर्व्हिस सेंटर. गाडी ठेवून किल्ली देऊन निघून येऊ नका. टेक्निशियनला शेजारी बसवा आणि जिथे, ज्या वेळी थरथर होते तिथेच घेऊन जा. सकाळी थंड गाडीवर ट्रायल घेतली की गाडी हमखास शहाण्यासारखी वागते आणि आपला पोपट होतो. म्हणून घरचं कुणी शेजारी असेल तेव्हा त्याला टॅकोमीटरचा व्हिडिओ काढायला सांगा. चालवताना स्वतः नको.

मग ही चौकशी करा :

* जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' नको.
* स्कॅनरवर आलेले फॉल्ट कोड आणि सॉफ्टवेअरचं व्हर्जन छापून मागा.
* तुमच्या मॉडेलसाठी कंपनीची काही सर्व्हिस सूचना आहे का, तुमचा चेसिस नंबर त्यात बसतो का, हे विचारा.
* त्याच मॉडेलची डेमो गाडी त्याच रस्त्यावर चालवून बघायला मागा.
* 'नॉर्मल आहे' असं उत्तर असेल, तर तेच लेखी द्या म्हणावं. बरेचदा याच क्षणी आवाज बदलतो!

डेमो गाडीही तशीच थरथरली तर? मग तो त्या मॉडेलचा स्वभाव असू शकतो किंवा सगळ्यांचाच दोष. ऑस्ट्रेलियाचा किस्सा आठवा.

वॉरंटीची बारीक अक्षरंही वाचा. अनेक कंपन्या क्लच प्लेटला झिजणारा भाग धरतात आणि बिल तुमच्या माथी मारतात. पण आठ-दहा हजार किलोमीटरमध्ये क्लच संपला, तर तो का संपला, हे विचारायचा हक्क तुमचा आहे. आणि मुख्य म्हणजे पहिली तक्रार वॉरंटी संपायच्या आत कागदावर आलेली हवी.

अमेरिकेसारखा गाड्यांसाठीचा खास 'लेमन लॉ' आपल्याकडे नाही. पण २० जुलै २०२०पासून लागू झालेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. आधी कंपनीला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरी दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या गाडीची तक्रार तिथे चालते. गाडी मुंबईत घेतली आणि नोकरी पुण्यात असली तरी राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी केस करता येते. फी किती? १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला याहून जास्त जातात! मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तज्ज्ञ तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग ती करून घेऊ शकतो. तिथे उपयोगी पडतात ती तुमची तारीखवार जॉब कार्डं. तोंडी भांडण कितीही रंगलं, तरी त्याची झेरॉक्स निघत नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समधून बाहेर काढा, आपल्या गाडीचं घराणं कोणतं ते बघा आणि मोबाइलमध्ये एक टिपण उघडा. पुढचा आचका आला की वेग, गिअर आणि तारीख लिहा. गाडी बोलतेय, तर निदान नोंद तरी करा!